जाझचे आजोळ आणि आपली बैठक

श्रोतेहो, गावात ऑर्केस्ट्रा आला की ढोलकीवाल्याच्या बाजूला एक जण दोन छोटे जोडढोल गुडघ्यांत धरून बसलेला दिसतो. त्यांना आपण बोंगो म्हणतो. शेजारी उंच उभे ढोल असतात, ते कोंगो. मुंबई-कोकणाकडे मिरवणूक निघाली की पुढे ‘बेंजो पार्टी’ असते. ही नावे आता इतकी अंगवळणी पडली आहेत की ती मुळात कोठली, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

बोंगो आणि कोंगो आले क्यूबा बेटावरून. तेथे ते घडवले आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी. बेंजोची गोष्ट आणखी गमतीची आहे. मिरवणुकीतला आपला बेंजो म्हणजे तारांवर टंकयंत्रासारखी बटणे बसवलेली पेटी. हे वाद्य मूळचे जपानी. १९१२ साली नागोया शहरात ते तयार झाले आणि पुढे आपल्याकडे येऊन त्याला ‘बुलबुलतरंग’ हे नाव मिळाले. ‘बेंजो’ हे नाव मात्र अमेरिकेतल्या एका अगदी वेगळ्या वाद्याचे. त्या अमेरिकन बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेत आहेत. अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणायचे, त्यात एक काठी खुपसायची आणि तारा बांधायच्या, अशी ती वाद्ये. सेनेगल आणि गांबिया या देशांतले जोला लोक ‘अकोन्टिंग’ नावाचे असले वाद्य आजही वाजवतात.

म्हणजे पाहा, कधी वाद्य प्रवास करते, तर कधी नुसते नावच प्रवास करते. पण दूरदेशीची वाद्ये एका बैठकीत आणून, त्या बैठकीतच संगीत रचणारेही काही कलावंत झाले. ते जाझ वादक होते. त्यांच्यापैकी काहींनी पश्चिम आफ्रिकेची वाद्ये हाती घेतली आणि सतार, तबला यांच्या शेजारी ती मांडली. या कामात आपल्या महाराष्ट्रातल्या दोन मुलांचा मोठा वाटा आहे. त्यांची हकीकत आज आपल्याला पाहायची आहे.

आधी जाझ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. पुष्कळांची समजूत अशी की जाझ म्हणजे हॉटेलातला गोंगाट. ही समजूत बरोबर नाही. जाझचा जीव आहे उपज. आपला गवई बंदिशीचा मुखडा घेतो, मग आलाप, बोलताना, ताना करीत हिंडतो आणि सम साधून पुन्हा मुखड्यावर येतो. कोणती तान घ्यायची हे त्याने घरून लिहून आणलेले नसते. जाझ वादकाचेही तसेच आहे. एक ठरलेली चाल असते, तिच्या पाठीशी ठरलेले स्वरांचे गुच्छ असतात. ‘ब्ल्यूज’ नावाच्या प्रकारात चार-चार मात्रांची बारा घरे असतात. ही बारा घरे फिरून-फिरून येत राहतात आणि वादक प्रत्येक फेरीत काहीतरी नवे बोलतो. आपला गवई रागाची मर्यादा सांभाळतो. जाझवाला त्या स्वरगुच्छांची मर्यादा सांभाळतो. मर्यादा दोघांनाही आहे, आणि ती आहे म्हणूनच उपज शोभते.

हे संगीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीय वस्त्यांत आकाराला आले. त्यामागे मोठे दुःख आहे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून नेली गेली. त्यांची भाषा गेली, नावे गेली, कुळे गेली. वाद्यांचे काय झाले? १७३९ साली साउथ कॅरोलिना प्रांतात गुलामांनी उठाव केला. ढोल बडवून त्यांनी माणसे गोळा केली होती. तेव्हा १७४० च्या कायद्याने त्यांना ढोल वाजवण्याचीच बंदी झाली. पण ताल काही थांबला नाही. तो टाळ्यांत गेला, पायांच्या ठेक्यात गेला, देवळातल्या गाण्यात गेला आणि पुढे पितळी कर्ण्यांतून व पियानोतून बाहेर पडला. म्हणून म्हणतो, जाझचे घर अमेरिकेत असले तरी तिचे आजोळ पश्चिम आफ्रिका आहे. आणि या नातवंडाला पुष्कळ वर्षे आजोळची वाटच बंद होती.

ही जाझ आपल्याकडे आली ती मुंबईच्या बंदरातून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. ते ऐकणाऱ्यांत आणि पुढे शिकणाऱ्यांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन लहानपणीच शिकवीत, त्यामुळे त्यांची तयारी आधीच झालेली होती. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांच्यातले नामांकित ट्रम्पेटवादक. रसिक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत. भगवानदादांचा ‘अलबेला’ हा बोलपट १९५१ चा. संगीत सी. रामचंद्र यांचे, आणि त्यांच्या साथीला चिक चॉकलेट. तो बोलपट खेडोपाडी तंबूत चालला. जाझ हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता त्यांनीही त्या ठेक्यावर मान डोलावली.

त्याच १९५१ साली मुंबईत दोन मुलगे जन्मले. मार्चमध्ये तबल्याचे उस्ताद अल्लारखाँ यांच्या घरी झाकीर हुसेन, आणि ऑक्टोबरमध्ये शोभा गुर्टू यांच्या घरी त्रिलोक गुर्टू. शोभाताई बेळगावच्या, ठुमरी, दादरा आणि कजरी गाण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच. दोन्ही मुलांचा हात आधी तबल्यावर बसला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या गोष्टीचा पाया तोच आहे.

आता अमेरिकेकडे वळू. एव्हाना तिकडच्या कृष्णवर्णीय वादकांना आजोळची ओढ लागली होती. जॉन कोल्ट्रेन हा सॅक्सोफोनचा बिनीचा वादक. १९६१ या एकाच वर्षात त्याने एक रचना ‘आफ्रिका’ नावाने आणि दुसरी ‘इंडिया’ नावाने मुद्रित केली. रविशंकरांविषयी त्याला इतका आदर होता की आपल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. पण कोल्ट्रेनच्या हाती वाद्य राहिले ते सॅक्सोफोनच. आफ्रिकेचे वाद्यच हाती घेणारा म्हणून नाव घ्यावे लागते ते डॉन चेरी याचे. जन्म १९३६, मृत्यू १९९५. हा खिशात मावेलसा छोटा ट्रम्पेट वाजवी. पुढे देशोदेशी भटकत असता त्याने माली देशातले ‘दोन्सो न्गोनी’ हे वाद्य जवळ केले.

दोन्सो म्हणजे शिकारी. हे शिकाऱ्यांच्या संघाचे वाद्य. एक मोठा वाळका भोपळा, त्यावर ताणलेले कातडे, उभा दांडा आणि सहा तारा. तारा तीन-तीनच्या दोन रांगांत असतात आणि बोटांनी छेडतात. पाच स्वरांची मांडणी असते; भूपासारखे पाच स्वरांचे राग ज्यांच्या कानांवर आहेत त्यांना ती परकी वाटत नाही. दांड्याच्या टोकाला पत्र्याची पातळ पट्टी असते आणि तिला बारीक कड्या असतात. तार छेडली की त्या कड्या झिणझिणतात.

भोपळा म्हटल्यावर आपल्या लोकांना काय सांगायचे! मिरजेचे तंबोरे आणि सतारी ज्या भोपळ्यांच्या होतात ते पंढरपूरच्या परिसरातून येतात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या भजनातली एकतारी, तिलाही भोपळाच. आणि ती झिणझिण? तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली आपण बारीक धागा सरकवतो, म्हणजे तारेला जवारी येते आणि स्वर गुंजतो. आफ्रिकेच्या वादकालाही नुसता स्वच्छ स्वर उघडा-बोडका वाटतो. त्याला गुंजन पाहिजे. कोणी कड्या लावतो. ‘बालाफोन’ नावाच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यात पट्टीखालच्या भोपळ्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंडकोषाचा पातळ पापुद्रा चिकटवतात. उपाय वेगळे, पण कानाची आवड एकच.

१९७८ मध्ये डॉन चेरीने दोन मित्रांबरोबर एक त्रिकूट जमवले. कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकन. सतार तो रविशंकरांकडे शिकला होता आणि तबला अल्लारखाँसाहेबांकडे. नाना वास्कोन्सेलोस हा ब्राझीलचा. तो ‘बेरिंबाव’ वाजवी. धनुष्याला भोपळा बांधावा आणि दोरीवर काठी मारावी, असे हे वाद्य. त्याचेही मूळ आफ्रिकेत. कॉलिनचा ‘को’, डॉनचा ‘डो’, नानाचा ‘ना’, म्हणून त्रिकुटाचे नाव ‘कोडोना’. १९७९ ते १९८३ या काळात त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या. त्यांत सतार न्गोनीला विचारते, न्गोनी उत्तर देते, आणि मध्येच ट्रम्पेट एखादी आरोळी देतो. कोणी कोणावर ओरडत नाही. तीन गावांचे तीन जण पारावर बसून बोलत आहेत, असे ते ऐकताना वाटते.

१९८४ च्या नोव्हेंबरात कॉलिन वॉलकॉट मोटार अपघातात गेला. तो ‘ओरेगॉन’ नावाच्या वाद्यवृंदातही होता. त्याच्या रिकाम्या जागी पुढे जो बसला तो आपला त्रिलोक गुर्टू. तोवर त्याने पाश्चात्त्य ड्रम आत्मसात केले होते आणि डॉन चेरीबरोबर तो वाजवूनही आला होता. त्याची मांडणी पाहण्यासारखी असते. पाश्चात्त्य ड्रमवाला स्टुलावर बसतो आणि पायाने मोठा ढोल वाजवतो. त्रिलोक गुडघे टेकून बसतो. तबला, ड्रम, झांजा, घुंगरांच्या माळा, सगळे हाताशी. आणि शेजारी पाण्याची बादली! झांज वाजवायची आणि वाजती झांज पाण्यात बुडवायची. स्वर खाली घसरत जातो.

गुरुजींनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. काशाची किंवा पितळेची थाळी दोरीला टांगा, टोला द्या आणि हळूहळू बादलीत उतरवा. थाळी पाण्यात शिरली की तिला स्वतःबरोबर पाणीही हलवावे लागते. ओझे वाढते, कंप मंदावतो आणि स्वर उतरतो. नाद म्हणजे कंप, हा धडा मुलांना जन्मभर पुरेल.

१९८८ मध्ये त्रिलोकची स्वतःची पहिली तबकडी निघाली, ‘उस्फ्रेत’. तीत डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे आणि शोभाताईंचे गाणेही आहे. बेळगावची ठुमरी आणि ओक्लाहोमा गावचा ट्रम्पेट एका बैठकीत! पुढे २००० साली त्याने ‘आफ्रिकन फँटसी’ केली, तेव्हा बेनिन देशाची अँजेलिक किजो ही गायिका त्याच्याबरोबर गायली. आईच्या गाण्यावर तबल्याची साथ करता-करता जो कान तयार झाला, तोच कान येथे कामी आला, असे मला वाटते. ठुमरीत गायिका एखादा शब्द कधी ओढील आणि कधी सोडील याचा नेम नसतो. साथीदाराला दम धरावा लागतो.

झाकीरभाईंची वाट थोडी निराळी. १९९१ मध्ये मिकी हार्ट या अमेरिकन ड्रमवादकाने ‘प्लॅनेट ड्रम’ नावाची तबकडी काढली. तीत झाकीर हुसेन यांचा तबला होता, विनायकराम यांचा घटम होता, आणि नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी व सिकिरू अदेपोजू होते. जागतिक संगीताचा ग्रॅमी पुरस्कार देणे सुरू झाले तेव्हा पहिलाच मान या तबकडीला मिळाला. सिकिरू ‘बोलका ढोल’ वाजवतो. डमरूसारखा कमरेत बारीक असा हा ढोल काखेत धरायचा आणि दोऱ्या दाबायच्या. दाबाबरोबर स्वर चढतो, उतरतो. आपल्या चौंडक्यावर तार ताणून स्वर वर-खाली होतो, त्याची येथे आठवण यावी. नायजेरियाच्या योरुबा भाषेत शब्दाचा अर्थ स्वराच्या उंचीवर ठरतो. त्यामुळे ढोलाने ती उंची काढली की ऐकणाऱ्याला वाक्यच कळते. आणि आपला तबला? ‘धा’, ‘धिं’, ‘तिरकिट’ हे बोल आधी तोंडाने म्हणायचे, मग हाताने काढायचे. दोन्हीकडे चामडे बोलते, म्हणून त्यांचा संवाद जमला.

आता तालाकडे येऊ, कारण खरी गाठ तालातच पडते. घाना, टोगो, नायजेरिया या भागात बारा मात्रांचे एक चक्र फार प्रसिद्ध आहे. लोखंडी घंटेवर त्याचे सात टोले पडतात: १, ३, ५, ६, ८, १०, १२. बारा मात्रा आपल्याही एकतालात आहेत. पण आपल्याकडे समेला मान. सगळे तेथे येऊन भेटतात. त्यांच्याकडे बारा मात्रांना कोणी तीन-तीनने मोजतो, कोणी चार-चारने, आणि दोन्ही मोजण्या एकाच वेळी चालू राहतात.

हेही मुलांकडून करवून घेता येईल. सगळ्यांनी मिळून बारा अंक सावकाश मोजावे. अर्ध्या वर्गाने १, ४, ७, १० वर टाळी द्यावी. उरलेल्यांनी १, ५, ९ वर. एका बाजूच्या चार टाळ्या, दुसऱ्या बाजूच्या तीन. फक्त १ वर दोघांची टाळी एकत्र पडेल. पहिल्या चार-दोन वेळा गोंधळ उडेल, मुले हसतील. मग हळूच जमेल. आणि जमल्यावर मुलांच्या ध्यानी येईल की शेजाऱ्याची टाळी आपल्यापेक्षा वेगळी आहे म्हणून तो चुकत नाही. आणि आपली टाळी टिकवायची तर त्याचीही ऐकावी लागते.

ही मेळाची गोष्ट आपल्याला नवी थोडीच आहे? आमच्या बोरगाव मेघेकडे, वर्ध्याच्या आसपास कोठेही भजनाची बैठक बसली की एक जण चरण उचलतो आणि बाकीचे तो झेलतात. खंजिरी एकीकडे, टाळ दुसरीकडे. पश्चिम आफ्रिकेत गाणे असेच एकाने उचलायचे आणि सगळ्यांनी झेलायचे असते. जाझमध्येही ट्रम्पेट विचारतो आणि सॅक्सोफोन उत्तर देतो.

येथे एक शंका कोणी काढील. असे सगळे मिसळले तर प्रत्येकाचे आपलेपण बुडणार नाही का? शंका रास्त आहे. पुष्कळ मिश्रणे फसतात. पाठीमागे यंत्राचा ठेका लावून वर चार सतारीचे तुकडे आणि दोन ढोलांचे टोले टाकले, तर ती नुसती सजावट होते. मघा सांगितलेली माणसे का टिकली ते पाहा. वॉलकॉटने सतार आणि तबला गुरूपुढे बसून शिकला. झाकीर आणि त्रिलोक यांच्या घरातच संगीत होते. सिकिरू आपल्या ढोलाची भाषा सोडून इंग्रजी ढोल वाजवायला गेला नाही. ज्याला स्वतःची भाषा येते त्याच्याशीच संवाद होतो.

दुसरी गोष्ट ऋणाची. शिकाऱ्यांच्या संघाचे वाद्य शहराच्या रंगमंचावर आले की नाव आणि पैसा रंगमंचावरच्या माणसाचा होतो. तो भोपळा वाळवणारा, ते कातडे ताणणारा आणि ती चाल शिकवणारा मागे राहतो. ही तक्रार आफ्रिकेत आहे तशी आपल्याकडेही आहे. लोकगीताची चाल बोलपटात गेली आणि मूळ गाणारणीचे नाव कोणी घेतले नाही, हे आपण पाहतोच. बेला फ्लेक या अमेरिकन बँजोवादकाने निदान ऋण ओळखले. बँजो घेऊन तो युगांडा, टांझानिया, गांबिया आणि माली येथे गेला, तिथल्या वादकांबरोबर त्यांच्याच अंगणात बसून वाजवले आणि त्यांच्या नावांसकट ते लोकांपुढे ठेवले. पुढे हाच फ्लेक, झाकीर हुसेन, बासरीवादक राकेश चौरसिया आणि एडगर मेयर यांची तबकडी २०२३ मध्ये निघाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाला. त्याच डिसेंबरात झाकीरभाई गेले. आफ्रिकेच्या भोपळ्यातून निघालेला बँजो आणि आपला तबला यांची ती भेट आता मुद्रणातच ऐकायची.

श्रोतेहो, या सगळ्यातून आपण खेड्यातल्या माणसांनी काय घ्यायचे? मला एक गोष्ट बोचते. अमेरिकेतल्या त्या माणसांचे ढोल कायद्याने हिरावले गेले. दोनशे-सव्वादोनशे वर्षांनी त्यांच्या नातवंडांनी समुद्र ओलांडून आजोळचे वाद्य पुन्हा हाती घेतले. आपल्याकडे असा कायदा कोणी केलेला नाही. तरी एकतारी माळ्यावर गेली. पोळ्याला डफडे वाजवणाऱ्याचा मुलगा डफड्याला हात लावायला लाजतो, कारण ते कमीपणाचे आहे असे आपणच त्याच्या मनावर बिंबवले. मिरवणुकीत भिंतीएवढे भोंगे आले आणि माणसाच्या हाताचा ठेका त्यात ऐकूसुद्धा येत नाही.

तेव्हा शिक्षकमित्रांना एक विनंती. गावात सर्वांत जुने वाद्य कोणाकडे आहे, याचा शोध मुलांना घ्यायला लावा. ते कशाचे आहे, कोणी केले, कातडे कसे ताणतात, कोणते बोल वाजतात, हे वहीत लिहून घ्या. वाजवणाऱ्याचे नाव अवश्य लिहा. एखाद्या शनिवारी त्या काकांना किंवा आजींना शाळेत बोलवा आणि खुर्ची देऊन बसवा. त्यांचे वाजवून झाले की बारा मात्रांचा तो टाळ्यांचा खेळ त्यांच्यासमोर करा, आणि त्यांना त्यांच्या वाद्यावर साथ करायला सांगा. काय निघेल ते आधी सांगता येत नाही. उपज म्हणतात ती हीच.